शहाबादी फरशी आणि खचणारा समुद्रतळ

स्वयंपाकघरात, शाळेच्या ओसरीवर अथवा चावडीच्या पायरीवर शहाबादी फरशी पाहिली नाही, असा मराठी माणूस विरळाच. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद, वाडी, सेडम आणि तेलंगणातील तांदूर या परिसरांतील खाणींतून हा दगड निघतो. एका प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी साचून घट्ट झालेला चुन्याचा चिखल म्हणजेच हा चुनखडक होय. कवचधारी प्राणी विपुल होण्यापूर्वी, म्हणजे ५४ कोटी वर्षांहूनही आधी, भीमेच्या आजच्या खोऱ्यात हा समुद्र पसरला होता. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या थरांचे वर्णन केले आहे.

येथे एक कोडे उभे राहते. समुद्र उथळ होता, तर त्याच्या तळावर शेकडो फूट जाडीचे थर मावले कसे? थोडा गाळ साचताच तो भरून जावयास हवा होता.

उत्तर असे की, गाळ साचत असता तळही खचत होता. ज्या घराची जमीन हळूहळू खचते आणि घरधनी तीवर फरशीवर फरशी बसवीत राहतो, त्या घरात उंबऱ्याची पातळी तीच दिसते. खाली मात्र फरश्यांची चळत वाढत जाते. चुनखडकाचे विस्तीर्ण चौथरे असेच उभे राहतात. याचा निर्विवाद पुरावा पॅसिफिक महासागरात मिळाला. प्रवाळांची कंकणद्वीपे खचणाऱ्या ज्वालामुखींवर वाढतात, असे चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडले होते. १९५२ साली एनिवेटोक या कंकणद्वीपावर खोदलेल्या एका विवरात सुमारे १,४०० मीटर चुनखडक ओलांडल्यावर ज्वालामुखीचा काळा दगड लागला. प्रवाळांची भिंत तर उजेड पोचेल अशा उथळ पाण्यातच वाढते! सुमारे ५ कोटी वर्षांतील हे खचणे सरासरीने वर्षाला केसाच्या जाडीहूनही कमी भरते.

मग समुद्राच्या पातळीचे काम कोणते? ती चढते तशी उतरतेही. म्हणून एकूण जाडीचा हिशेब मुख्यतः खचण्याकडे जातो, आणि थरांची आखणी बव्हंशी पातळीकडे. भीमेच्या खोऱ्यात ग्रॅनाइटच्या पायावर प्रथम वालुकाश्म व शेल, त्यावर चुनखडक, पुन्हा शेल, पुन्हा चुनखडक असा क्रम आढळतो. पाणी चढून किनारा दूर सरला की नद्यांचा गाळ मागेच अडतो, समुद्र निवळतो आणि चुना साचतो. किनारा जवळ आला की मातकट गाळ त्यावर पसरतो. (जमिनीवरून येणाऱ्या गाळाचे प्रमाण हवामानानेही बदलते, हे मात्र विसरू नये.) पाणी फारच ओसरले तर चौथरा उघडा पडतो, पावसाने झिजतो आणि त्यात पोकळ्या पडतात. सुमारे २० हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता, तेव्हा अनेक प्रवाळ चौथऱ्यांची हीच गत झाली.

भीमेचा समुद्र केव्हाच आटला. पण हाच हिशेब आपल्या देशात लक्षद्वीपमध्ये आजही चालू आहे. तेथील वस्तीची बेटे समुद्रपातळीपासून जेमतेम काही मीटर उंच आहेत. तेथे तळाचे खचणे इतके संथ आहे की माणसाच्या आयुष्यात ते जाणवू नये. पाण्याचे तसे नाही. जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी आता वर्षाला तीन ते चार मिलिमीटरने वाढत आहे. निरोगी प्रवाळभित्ती एवढ्या वेगाशी बरोबरी करू शकते. परंतु १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्याने लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले व पुष्कळ मेले. मेलेली भित्ती वाढत नाही, आणि लाटा तिला झिजवीतच राहतात.