मोती रात्री दोनला कोणाला पाहतो?

प्रश्न : आमचा मोती 13 वर्षांचा आहे. हल्ली रात्री दोनच्या सुमारास उठतो, घरभर फेऱ्या मारतो, भिंतीकडे टक लावून उभा राहतो आणि मध्येच गळा काढतो. दिवसा मात्र ढाराढूर झोपलेला. आजी म्हणतात, त्याला यमदूत दिसतात. खरं काय?

उत्तर : आजींच्या संशयाला आधार जुना आहे, ऋग्वेदातही यमाच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे राखणीला आहेत. पण मोतीच्या बाबतीत मला यमदूतांपेक्षा त्याच्या वयाचा संशय येतो.

उतारवयात काही कुत्र्यांच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड हे प्रथिन साचतं. माणसांच्या अल्झायमरमध्येही तेच सापडतं. मग दिवस कुठला, रात्र कुठली, याचा हिशेब चुकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पाहणीत 11-12 वर्षांच्या 28 टक्के, तर 15-16 वर्षांच्या 68 टक्के कुत्र्यांत अशा बिघाडाची एक तरी खूण आढळली होती.

एक खूण घरीच बघा. फिरायला निघताना मोती दाराच्या कडीकडे उभा राहतो की बिजागरीकडे? अशी कुत्री बिजागरीशी नाक लावून इमानेइतबारे वाट बघतात आणि दार भलतीकडूनच उघडतं! भिंतीसमोरचं उभं राहणंही बहुधा त्यातलंच : कोपऱ्यात शिरला, मागे फिरायचं सुचेना. त्यात ऐकू कमी येत असेल, दिसत नसेल, तर अंधारात तो घाबरतो आणि तुम्हाला हाक मारतो. त्याला आपण रडणं म्हणतो आणि पंचांग उघडतो.

तरी लगेच म्हातारचळावर शिक्का मारू नका. सांधे दुखत असले तरी कुत्रा रात्री कूस बदलत उठतो. मूत्रपिंडं थकली किंवा मधुमेह झाला, तर पाणी जास्त पितो आणि लघवीला उठतो. म्हणून त्याचं पाणी दोन-तीन दिवस मापून द्या, आकडा लिहून ठेवा आणि पशुवैद्यांकडे रक्त-लघवी तपासून घ्या. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मात्र देऊ नका; ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

झोपेत तो पाय झाडत असेल, तर ते वेगळं. ते बहुधा स्वप्न. हलवून उठवू नका, दचकून चावेल.

तोवर संध्याकाळी एक फेरी जास्त मारा, अंथरुणाची जागा बदलू नका आणि पाण्याच्या भांड्यापाशी रात्री छोटा दिवा ठेवा. आजींनाही बाथरूमला जाताना तो उपयोगी पडेल.