रुईचा पिवळेपणा : नजर आणि यंत्र

जालना, भोकरदन, अंबड, घनसावंगी या तालुक्यांत कापूस हे शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देणारे प्रमुख पीक होय. उमललेली बोंडे परतीच्या पावसात सापडली की त्या वेचणीचा भाव पुढे ‘माल पिवळा आहे’ एवढ्या एका वाक्यावर उतरतो. हा पिवळेपणा खरोखर किती, हे आकड्यांत सांगता येते.

रुईच्या रंगाचे दोन घटक मानले जातात. पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा किती परत फेकला जातो, तो आकडा ‘आरडी’. आणि पिवळ्या झाकेचा आकडा ‘प्लस बी’. रुईचा नमुना काचेच्या खिडकीवर दाबून धरतात, त्यावर 45 अंशांच्या कोनातून प्रकाश सोडतात व परावर्तित प्रकाश यंत्र टिपते. अमेरिकेतील डोरोथी निकर्सन व रिचर्ड हंटर यांच्या रंगमापकाचे हे तत्त्व आजच्या यंत्रांतही कायम आहे. लोकरीचा पिवळेपणाही परावर्तित प्रकाशावरूनच मोजतात.

डोळ्याला मात्र हे दोन घटक वेगळे करता येत नाहीत, आणि शेतकऱ्याचे नुकसान होते ते येथेच. धूळ व पत्ती मिसळलेला कापूस करडा दिसतो. त्याचा आरडी घटतो, पण जिनिंगमधील साफसफाईने तो पुष्कळसा सुधारतो. बोंडअळीने डागाळलेल्या वा ओलसर साठविलेल्या कापसाचा प्लस बी वाढतो, आणि ती झाक साफसफाईने जात नाही. कमी-अधिक पिवळ्या गाठी एकत्र कातल्या गेल्या, तर रंगविलेल्या कापडावर पट्टे उमटतात. म्हणून गिरणीवाला पिवळ्या रुईला बिचकतो, यात गैर काही नाही. परंतु धुळकट मालालाही तीच कात्री लावणे न्याय्य नव्हे.

अडचण अशी की, यंत्र मोजते ती गाठीतील रुई. बाजार समितीच्या आवारात सरकीसह आलेल्या कापसाचा निवाडा आजही बहुधा नजरच करते. 1972 मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेतही प्रतवारीचा आधार मुख्यतः नजर हाच होता. तेव्हा भिजलेली वेचणी व कवडी पहिल्या स्वच्छ वेचणीत मिसळू न देणे, हा उपाय शेतकऱ्याच्या हातचा आहे. दव उडाल्यावर वेचावे, ओल्या कापसाची गंजी लावू नये. हमीभाव 8 टक्के ओलाव्यास असतो. त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात होते. कापूस दाखवावा तो सावलीतल्या उजेडात. कललेल्या उन्हात पांढरा मालही पिवळसर भासतो.