वडिलांची वाचा गेली, काकूंना नुसती चक्कर. झटका एकच कसा?

प्रश्न : वडिलांचा उजवा हात आणि बोलणं गेलं, पाय बराच चालतो. काकूंचे हातपाय शाबूत होते. चक्कर, उलटी आणि घास गिळता येईना. दोघांनाही पक्षाघातच सांगितला. असं कसं?

उत्तर : गुठळी मेंदूच्या कोणत्या धमनीत अडकली, यावर लक्षणं ठरतात. वडिलांची लक्षणं डाव्या मधल्या धमनीकडे बोट दाखवतात. चेहरा, हात आणि बहुतेकांची भाषाकेंद्रं तिच्याच रक्तावर जगतात. पुढच्या धमनीत अडथळा आला तर उलट, पाय जास्त लुळा पडतो. मागच्या धमनीत आला तर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू दिसेनाशी होते; माणूस त्या बाजूच्या दाराच्या चौकटीला धडकत राहतो.

काकूंचा प्रकार मला जास्त काळजीचा वाटतो, कारण तो पित्त समजून घरीच काढला जातो. मानेतून मेंदूच्या देठाकडे जाणारी धमनी किंवा तिची फांदी बंद झाली की आवाज घोगरा होतो, तोल जातो, उचकी थांबत नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला आणि अंगाच्या विरुद्ध बाजूला गरम पाणी गरम लागत नाही. 1895 मध्ये वॉलेनबर्ग या डॉक्टरांनी याचं सविस्तर वर्णन केलं. सुरुवातीचा सीटी स्कॅन इथे स्वच्छ येऊ शकतो; एमआरआय अधिक खात्रीचा.

धमनी ओळखणं डॉक्टरांवर सोडा. अचानक असं काही झालं तर 108 ला फोन करा आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.