४.३ संख्यापद्धतींचे परस्पर रूपांतर

संख्येतील अंकाची किंमत त्याचे स्थान आणि त्या पद्धतीचा पाया यांवर ठरते. दशमान पद्धतीचा पाया १०, द्विमानाचा २ आणि षोडशमानाचा १६ असतो. सोळाची गणना आपल्याला परकी नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू होईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होत. ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार त्याचीच खूण होय.

संगणकात मजकूर साठवताना प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक दिलेला असतो. युनिकोड या प्रमाणसंकेतात ‘गोंदिया’ या नावातील ‘ग’चा षोडशमान क्रमांक ०९१७ आहे.

उदाहरण

(अ) षोडशमानातून दशमान : (९ × २५६) + (१ × १६) + (७ × १) = २३२७.

(आ) षोडशमानातून द्विमान : १६ हा २ चा चौथा घात असल्याने प्रत्येक अंकाचे चार द्विमान अंक होतात. ९ = १००१, १ = ०००१, ७ = ०१११; म्हणून उत्तर १००१ ०००१ ०१११.

(इ) दशमानातून षोडशमान : २३२७ ला १६ ने भागत जावे. बाकी अनुक्रमे ७, १, ९ उरते. ती शेवटून वाचल्यास ९१७ मिळतात.

पाया न पाहता ९१७ ही संख्या दशमान मानली, तर ‘ग’ऐवजी ग्रीक लिपीतील ‘एप्सिलॉन’ हे अक्षर उमटेल. म्हणून संख्येसोबत तिचा पाया नोंदवणे आवश्यक आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

‘द’चा षोडशमान क्रमांक ०९२६ आहे. त्याची दशमान व द्विमान रूपे लिहा.

(उत्तर : २३४२, १००१ ००१० ०११०)