परीक्षक गरम खात नाहीत

गणेशोत्सवातल्या पाककला स्पर्धेचं वेळापत्रक बहुतेक सोसायट्यांत आणि मंडळांत सारखंच असतं. पदार्थ मांडायचे अकरा वाजता, परीक्षण बाराला. मग पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होतं, दोघं-तिघं 'दोन शब्द' बोलतात आणि पहिला चमचा पदार्थाला लागतो तेव्हा एक वाजून गेलेला असतो. त्या टेबलांपुढून एकेक घास घेत जाण्याचं काम प्रस्तुत लेखिकेने बरीच वर्षं केलं आहे. स्पर्धेत उतरणाऱ्यांना तिचं पहिलं सांगणं पाककृतीबद्दल नाही, घड्याळाबद्दल आहे. आपला पदार्थ केल्यानंतर दोन तासांनी कसा लागतो, हे ठाऊक असल्याशिवाय त्याचं नाव फॉर्मवर लिहू नये.

अशाच एका स्पर्धेत एका तरुण मुलीने उकडीचे मोदक ठेवले होते. कळ्या इतक्या नाजूक आणि एकसारख्या की शेजारच्या टेबलावरच्या बायका येऊन पाहून जात होत्या. केळीचं पान, त्यावर मोदक, प्रत्येकावर केशराची काडी. पण मांडणी दिसावी म्हणून ताट उघडं, आणि डोक्यावर पंखा. परीक्षक पोचेपर्यंत पाऱ्यांना भेगा गेल्या होत्या, कडा चिवट झाल्या होत्या. आतलं सारण अप्रतिम होतं, जायफळ अगदी बेताचं. तरी गुण पारीवर गेले. निकालानंतर ती म्हणाली, "मावशी, घरी सगळे बोटं चाटत खातात हो." ते खरंच असणार, कारण घरी मोदक पात्रातून थेट पानात येतो आणि वर तुपाची धार पडते.

हा दोष तिच्या हाताचा नव्हता. तांदळाच्या पिठीतला स्टार्च उकडीत पाणी धरून फुगतो. गार होताना त्याचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट बसतात, धरलेलं पाणी सुटू लागतं आणि मऊ पारी ताठ होते. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरल्यावर मऊसूत असते आणि थोड्या वेळात चिवट होते, तेही यामुळेच. फ्रिजमध्ये हा बदल आणखी वेगाने होतो, म्हणून आदल्या रात्री मोदक करून फ्रिजमध्ये ठेवणं तर फारच वाईट. ज्यांना मोदकच करायचे आहेत त्यांनी परीक्षणाआधी पुन्हा वाफवायची सोय आहे का, हे आयोजकांना आधी विचारावं. नसेल तर मोदकांवर ओलसर सुती फडकं टाकून झाकण ठेवावं आणि परीक्षक दोन टेबलं अलीकडे आले की मगच उघडावं.

तळणाची अडचण उलटी. अळूवडी किंवा कोथिंबीर वडी तळून गरमच डब्यात भरली की आतली वाफ कोंडते आणि कुरकुरीतपणा घरून निघण्याआधीच संपतो. जाळीवर पूर्ण गार करून भरल्यास थोडा टिकतो, पण थोडाच.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं, आणि मराठी स्वयंपाकाची श्रीमंती इथेच दिसते. पुरणपोळी गार झाल्यावर बिघडत नाही, गुळामुळे पुरणातला ओलावा टिकतो. कटाची आमटी मुरून जास्त चांगली लागते. पंचामृत, भरली वांगी, गुळपोळी यांना घाई नसते. आणि ज्यांना हातातलं कसब दाखवायचं आहे त्यांच्यासाठी सुरळीच्या वड्या आहेत. बेसन आणि ताक शिजवून ताटावर नेमक्या क्षणी पातळ पसरायचं, खोबरं-कोथिंबीर पेरून गुंडाळायचं, वर फोडणी घालायची. हा पदार्थ खायचाच गार, आणि तो ज्याला जमतो त्याचं कसब परीक्षकाला पहिल्या नजरेत कळतं. तरीही स्पर्धांमध्ये सुरळीच्या वड्या क्वचित दिसतात, याचं वाईट वाटतं.

क्वचित दिसण्याचं कारण नावीन्याचा हट्ट. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तसा प्रस्तावच भारताचा होता. त्या वर्षी ठिकठिकाणी भरडधान्यांच्या पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. उपक्रम फार चांगला होता. पण टेबलावर आलं काय, तर ज्वारीचा पिझ्झा, बाजरीचा बर्गर, नाचणीचा केक. या धान्यांत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पाव आणि केक यांना लागणारी जाळी नुसत्या त्यांच्या पिठात तयार होत नाही. तोंडात भुगा व्हायचा. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, पण गुण चिठ्ठीला मिळत नाहीत. त्याच नाचणीची ताकातली आंबील कुणी नीट करून आणली असती तर ती थंडही चालली असती आणि नाचणीसारखी लागली असती.

आपल्या घरातला साधा पदार्थ मोठ्या व्यासपीठावर नेण्याचं धैर्य पाहायचं तर २०२१ च्या 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया'ची अंतिम फेरी पाहावी. मेलबर्नच्या किश्वर चौधरी यांनी तिथे बंगालचा पांता भात ठेवला. रात्रभर पाण्यात भिजलेला भात, सोबत बटाट्याचं भरीत आणि सार्डिन मासळी. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घरी खातात ते हे अन्न, आपल्याकडच्या शिळ्या भाताचंच भावंड. त्यांचा तिसरा क्रमांक आला. तो पदार्थ निवडताना त्यांना त्यातला प्रत्येक बारकावा ठाऊक होता, आणि तो मुळातच गार खायचा होता, हे दोन्ही मुद्दे इथे महत्त्वाचे.

चवीचा अंदाज घेतानाही हेच पथ्य. थंडगार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून द्यायच्या गोडाची साखर कोमट असताना ठरवू नये, गार झाल्यावर चाखून ठरवावी. तिखटाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. परीक्षकाने तुमच्याआधी बरेच घास खाल्लेले असतात, आणि मिरचीची आग रेंगाळली की बाकी मसाला कळतच नाही.

घट्ट बसवलेल्या गोड पदार्थांबद्दल आणखी एक. जिलेटिन अंगाच्या उष्णतेच्या आसपासच वितळतं, त्यामुळे एप्रिल-मेमधल्या मंडपात ते पसरतं. शिवाय ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, म्हणजे शाकाहारी गटात बादच. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून मिळतं आणि एकदा बसलं की सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. उन्हाळी स्पर्धेला तेच घ्यावं.

फॉर्म भरण्याआधी घरी एक रंगीत तालीम करावी. ज्या डब्यातून न्यायचं त्याच डब्यात पदार्थ भरावा, तितकाच वेळ ठेवावा, मग ताटात मांडून घरातल्या अशा माणसाला द्यावा ज्याने तो करताना पाहिलेला नाही. एकच घास द्यावा. दुसरा घास त्याने आपणहून मागितला तर पदार्थ ठरला. चिठ्ठीवर नावाखाली मुख्य जिन्नस लिहावेत, आणि शेंगदाणे, काजू किंवा तीळ वाटणात लपलेले असतील तर ते आवर्जून लिहावेत. कुणाला त्यांची अ‍ॅलर्जी असेल तर ते घास घेण्याआधी कळायला हवं.