झीझी तहानेने मरत नाही

घरात कुंडीत ठेवतात ते झीझीचं झाड दगावतं ते बहुधा पावसाळ्यात, आणि आतून कुजत असतानाही वरून हिरवंगार दिसत राहतं. डोंबिवलीला माझ्या ताईच्या घरी हेच झालं. नर्सरीतून आणलेलं टवटवीत झाड, त्याच्यासाठी खास घेतलेली चिनी मातीची पांढरी कुंडी, जागा टीव्हीशेजारी. ‘याला काही करावं लागत नाही’ असं नर्सरीवाल्याने सांगितलेलं, पण ताईला ते पटेना. तुळस, मोगरा, जास्वंद यांना रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत तिने आयुष्य काढलेलं. जुलैत एक दांडा पिवळा पडला. झाडाला पाणी पुरत नाही असं समजून तिने पाणी वाढवलं. मग आणखी दोन दांडे बुडाशी मऊ पडून आडवे झाले. कुंडी उपडी केली तर कुजका वास आला आणि तळाशी साचलेलं पाणी ओघळलं. त्या देखण्या कुंडीला भोकच नव्हतं.

ताईचा हात झाडांना चांगला आहे. जास्वंद तहानली की मान टाकते, पाणी मिळालं की तासाभरात सावरते. झीझीचं गणित उलटं आहे, आणि ते समजायला त्याचं मूळ गाव पाहावं लागतं.

झॅमिओकल्कस झॅमिफोलिया हे त्याचं शास्त्रीय नाव. केनिया-टांझानियापासून मोझांबिकमार्गे दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागापर्यंत ते रानात वाढतं. पाऊस आणि मग लांबलेला कोरडा काळ, अशी तिथली हवा. कोरड फारच वाढली तर ते पर्णिका गाळतं आणि जमिनीखालच्या बटाट्यासारख्या गाठींवर तग धरतं. पानं आणि दांडे यांत 90 टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. पाण्याचा ताण पडला की ते रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेऊ लागतं, म्हणजे दिवसाच्या उन्हात ओल उडत नाही. युरोपातल्या अभ्यासकांनी 1829 मध्येच त्याचं वर्णन केलं होतं, पण डच रोपवाटिकांनी 1996 च्या सुमारास त्याची व्यापारी लागवड सुरू केली तेव्हा कुठे ते दिवाणखान्यांत पोहोचलं.

पानं, दांडे आणि गाठी यांतला पाण्याचा साठाच माणसाला फसवतो. मुळं कुजली तरी गाठीतल्या आणि दांड्यातल्या पाण्यावर पानं कित्येक आठवडे तुकतुकीत राहतात. पिवळेपणा दिसतो तोवर खालचा बराच भाग गेलेला असतो. म्हणून दांडा पिवळा पडला की आधी बुडाशी दाबून पाहावा. मऊ लागला तर पाण्याची झारी बाजूला ठेवून झाड कुंडीतून काढावं.

पाण्याचा वार ठरवूच नये. अगरबत्तीची जळून उरलेली काडी तळापर्यंत खुपसावी. ओली माती चिकटून आली तर थांबावं. पूर्ण कोरडी निघाली तरच भोकातून वाहेपर्यंत पाणी द्यावं आणि ताटलीतलं पाणी ओतून टाकावं. उन्हाळ्यात बहुतेक घरांत दोन-तीन आठवड्यांनी पाणी लागतं. मुंबई-कोकणाच्या पावसाळी दमट हवेत महिनाभर काही दिलं नाही तरी झाड खुशाल असतं. ते अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर आणखी हात आखडावा, कारण उजेड कमी तिथे वाढ कमी आणि पाण्याची गरजही कमी. ट्यूबलाइटखाली ते जगतं, पण नवे कोंब हवे असतील तर खिडकीजवळचा उजेड द्यावा. दुपारचं थेट ऊन मात्र पानं करपवतं.

नर्सरीतली रोपं बऱ्याचदा निव्वळ कोकोपीटमध्ये असतात. ते ओल धरून ठेवतं, त्यामुळे घरी आणल्यावर माती, जाडसर वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं कंपोस्ट अशा मिश्रणात, भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावणं उत्तम. फार मोठी कुंडी घेऊ नये.

हे अळूच्याच कुळातलं झाड आहे, आणि अळू घशात खाजवतो त्याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया यातही असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, म्हणून रांगती मुलं, मांजर-कुत्री यांच्या तोंडी लागणार नाही असं ते ठेवावं. कापाकापी झाली की हात धुवावेत. नुसतं घरात असण्याने मात्र कसलाही आजार होत नाही.

ताईचं झाड पुरतं गेलं नव्हतं. मऊ, तपकिरी भाग स्वच्छ सुरीने कापून टाकला, घट्ट गाठी सावलीत दोन दिवस सुकवल्या आणि कोरड्या मिश्रणात लावल्या. आडव्या झालेल्या दांड्यांच्या चांगल्या पर्णिका देठाकडून ओलसर वाळूत खोचल्या. अशा पर्णिकेच्या बुडाशी काही आठवड्यांत वाटाण्याएवढी गाठ धरते, पण वर कोंब यायला सहा महिने, कधी वर्षही जातं. तेवढ्या काळात पर्णिका पिवळी पडली तरी खालची गाठ टणक असेल तर ती उपटून टाकू नये.