मधुरस, मधुग्रंथी आणि कीटक

तमिळनाडूतील कुंभकोणम् हे नगर कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले आहे. नदीच्या गाळाने सुपीक झालेल्या या प्रदेशात भातशेतीच्या जोडीला नारळीच्या व केळीच्या बागा आहेत. फूल आणि कीटक यांच्यातील देवघेव समजून घेण्यास ही दोन पिके फार उपयोगी पडतात.

फुलातून स्रवणाऱ्या गोड द्रवास मधुरस म्हणतात व तो स्रवणाऱ्या पेशीसमूहास मधुग्रंथी. पानांत तयार झालेली शर्करा या ग्रंथींपर्यंत पोहोचते आणि सुक्रोज, ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या द्रावणाच्या रूपाने बाहेर पडते. बीज तयार होण्याच्या क्रियेत मधुरसाचा प्रत्यक्ष भाग नसतो. मग वनस्पती त्यासाठी एवढी शर्करा का वेचते? १७८७ मध्ये जर्मन निसर्गाभ्यासक ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल यांना रानटी जिरेनियमच्या पाकळ्यांच्या बुडाशी बारीक केस आढळले. पावसापासून मधुरसाचे रक्षण करणे हे त्या केसांचे कार्य असावे, असे त्यांनी ताडले. मधुरस कीटकांसाठी असतो आणि कीटक परागणासाठी उपयोगी पडतात, हा विचार त्यांनी १७९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडला.

नारळाच्या एकाच फुलोऱ्यात नरफुले व मादीफुले असतात. उंच जातींत नरफुले आधी उमलतात व सुमारे तीन आठवड्यांत गळून जातात. मादीफुले सामान्यतः त्यानंतर पक्व होतात. त्यामुळे पराग बहुधा दुसऱ्या झाडावरून यावा लागतो. हे काम काही अंशी वारा व काही अंशी कीटक करतात. मधमाशी नरफुलांवर परागासाठी येते. परंतु मादीफुलात पराग नसतो. तेथे तिला खेचून आणणारे आमिष मधुरसाचेच होय. किंजपुटातील मधुग्रंथींतून पाझरणारा हा रस टिपताना तिच्या अंगावरील पराग चिकट कुक्षीला लागतो.

केळीचे उदाहरण याच्या उलट आहे. तिच्या फुलांत मधुरस विपुल असतो व मधमाश्या तो आवडीने गोळा करतात. तथापि लागवडीतील केळीचे फळ परागणावाचूनच धरते. रानकेळीच्या अनेक जातींत हाच मधुरस वटवाघळांना आकर्षित करून परागण घडवितो. मानवाने बिनबियांची केळी निवडून वाढविली. मोबदल्याचे कार्य संपले, तरी मोबदला देण्याची रीत मात्र कायम राहिली.

बागाइतदाराच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. केळीचा मधुरस मधमाश्यांच्या वसाहती पोसतो, तर नारळीला त्यांच्या श्रमाचा लाभ होतो. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरी मधमाश्यांच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. रोगावर मनुष्याची सत्ता मर्यादित आहे. परंतु फुलांवर मधमाश्यांचा वावर असताना कीटकनाशक न फवारणे त्याच्या हाती आहे. फुलाने मधुरस देऊ केला, तरी तो घेणारे कोणी उरले नाही, तर देवघेव तेथेच खुंटते.